तुमच्या ‘आमेन’शी माझे भांडण

तुम्ही गेल्यापासून जो येतो तो मला क्षमा करायला सांगतो. सांत्वनाला आलेल्या माणसाला दुसरे काही सुचत नसावे, किंवा माझ्याच चेहऱ्यावर काही दिसत असावे. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, “बाई, मनातलं सगळं प्रभूच्या पायाशी ठेवा.” मी मान हलवली. मोठ्या माणसांच्या घोळक्यात माझा घसा बंद होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. इतकी वर्षे शाळेत भूगोल शिकवला, पण तो मुलांसमोर. म्हणून हे लिहून काढते आहे. लिहिण्याची सवयही उशिराची, निवृत्तीनंतरची, आणि तुम्हीच लावलेली. मात्र हे वाचून तुम्हाला समाधान वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. मी शमुवेलभाऊंना क्षमा केलेली नाही. तुम्ही ती माझ्या वतीने, मला न विचारता, देऊन टाकलीत, त्याबद्दल तुम्हालाही अजून केलेली नाही.

काय घडले ते तुम्हाला माहीत आहे. तरी पुन्हा मांडते, कारण त्याविषयी आपले कधी एकमत झालेच नाही.

आपल्या चर्चच्या मंडळीची शुक्रवारची प्रार्थना पाळीपाळीने एकेका घरी होते. त्या थंडीत पाळी आपल्या घरावर आली तेव्हा तुम्ही इस्पितळातून नुकतेच परतला होतात. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेले, हातपाय मात्र काड्या. मी म्हटले, “या वेळी दुसऱ्या कोणाकडे ठेवू या.” तुम्ही म्हणालात, “पाहुणा म्हणून इतकी वर्षं प्रभूला बोलावलं, आता घरात आजारपण आहे म्हणून नको म्हणायचं का?” तुमची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी ओढून घेतली. मंडळी जमली. शेवटची प्रार्थना शमुवेलभाऊंनी केली. तुमचे लहानपणापासूनचे मित्र, मंडळीचे सेक्रेटरी, गंगापूर रोडला बंगला बांधल्यापासून प्रत्येक वाक्यात ‘आशीर्वाद’ म्हणणारे. तुमच्या उशाशी उभे राहून, डोळे मिटून, आधी त्यांनी तुमच्यासाठी आरोग्य मागितले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि हे प्रभू, या घरात कुठे काही लपलेलं पाप असेल, तर ते उजेडात आण. बाटलीचं असो की आणखी कशाचं असो, तू जाणतोस.”

 आणि तुम्ही, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालात, “आमेन.”

प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नाहीत आणि मध्ये बोलायचे नाही, हे आपल्याला पाळण्यापासून शिकवलेले. हेच वाक्य कोणी चहा पिताना बोलला असता, तर ‘भाऊ, जरा जपून’ असे कोणीतरी म्हणालेच असते. पण ते देवाशी बोलत होते. आम्ही नुसते ऐकणारे. निंदेला इतकी सुरक्षित जागा दुसरीकडे कुठे मिळणार?

तुम्ही आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नव्हतात. डॉक्टरांनी मला बाजूला बसवून सांगितले होते की ही तरुणपणीची कावीळ आहे, अंगात मुरून राहिलेली, हळूहळू यकृत खात गेलेली. पण लोकांना एवढे कोण समजावणार? तुमचा जन्म गेला पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये, द्राक्षांचे घड हातात घेऊन खराब मणी कात्रीने काढण्याच्या कामावर देखरेख करण्यात. “द्राक्षातच असतात हो दिवसभर,” असा विनोद आपल्या लग्नापासून चालत आला होता. यकृताचे नाव निघाल्यावर तो विनोद राहिला नाही.

मंडळी गेल्यावर मी चहाचे कप गोळा करत होते. 

“का म्हणालात आमेन?”

“प्रार्थनेला आमेन म्हणायचं असतं, मास्तरीणबाई.”

“ती प्रार्थना नव्हती. पंचनामा होता.”

“मग पंच म्हणून सही केली, असं समज.” तुम्ही हसलात, आणि हसताना पोट दुखले म्हणून कळवळलात. मला त्या वेळी तुमची दया आली नाही हे आज सांगून टाकते.

“लोक काय समजतील?”

“पाप कोणाच्या घरात नसतं गं? त्याने ‘असेल तर’ म्हटलं. असेल तर आण उजेडात. घाबरायचं काय?”

“बाटली म्हणाले ते. बाटली!”

“शमूला भीती वाटते,” एवढेच म्हणून तुम्ही भिंतीकडे तोंड केलेत. कशाची भीती, ते सांगितले नाहीत. मीही विचारले नाही. शमूच्या भीतीशी मला काय करायचे होते?

आपले हे भांडण जुनेच होते, त्याला फक्त नवे निमित्त मिळाले. चांगल्या दिवसांतही तुम्ही माझ्या संयमाची परीक्षा पाहत होतात. जेवायला बसल्यावर तुमची आभाराची प्रार्थना भाकरीपासून सुरू व्हायची, मग पाणी, मग पाऊस, मग पॅकहाऊसमधल्या बायका, त्यांची मुले, ट्रकचे ड्रायव्हर. मी म्हणायचे, “आटोपतं घ्या, भाकरी वातड झाली.” तुम्ही डोळे न उघडता म्हणायचात, “आणि प्रभू, गरम भाकरीची घाई असणाऱ्यांनाही सांभाळ.” मुलगी खुदकन हसायची. हंगामात तुम्ही घडातून गळालेले मणी रुमालात बांधून आणायचात. पिंपळगावहून घरी येईपर्यंत निम्मे चेपलेले. तेही आधी देवाला दाखवायचात. मला ते चेपलेले मणी कोणत्याही निवडक घडापेक्षा गोड लागत, हे मी तुम्हाला एकदाही सांगितले नाही.

मग गारपीट झाली आणि पॅकहाऊस बंद पडले. तुम्ही घरी बसलात आणि म्हणत राहिलात, “तो पुरवील.” पुरवले. मुलीचे शिक्षण झाले, घराचे छप्परही झाले. एकदा मी न राहवून विचारले, “तो पुरवतो म्हणता, पण सकाळी सातला डबा घेऊन शाळेत कोण जातं? देव माझ्या नावाने भूगोल शिकवतो का?” तुम्ही वाटाणे सोलत होतात. मान वर करून म्हणालात, “मग कोण शिकवतं? तुला माणसांसमोर बोलायला येत नाही, आणि वर्गात तुझा आवाज रस्त्यापर्यंत जातो. ते कुठून येतं?” मी सोललेले वाटाणे उचलून आत गेले. तुम्ही जिंकलात असे तुम्हाला वाटले. मला वाटले की माझ्या कष्टाचे श्रेय तुम्ही माझ्यादेखत दुसऱ्याला देऊन टाकलेत. हा मुद्दा अजून निकालात निघालेला नाही.

आजारपणात डबे येऊ लागले. आपल्या मंडळीत घरी आजारी माणूस असला की बाया ठरवून जेवण पाठवतात, तसे. त्यांतले बहुतेक शमुवेलभाऊंच्या घरून, त्यांच्या पत्नी मालनताईंच्या हातचे: बिनतेलाची मुगाची खिचडी, दुधीची भाजी, तुम्हाला चालेल असे सगळे. त्या प्रार्थनेनंतरही डबा थांबला नाही. तुम्ही झाकण उघडून म्हणायचात, “बघ, देवाने पाठवलं.” मी म्हणायचे, “देवाने नाही, मालनताईंनी. आणि ज्या घरातून खिचडी आली, त्याच घरातून तुमच्या तोंडावर काळं आलं.” तुम्ही म्हणायचात, “खिचडीत तर दिसत नाही,” आणि खायला लागायचात.

माझ्या हातात तेव्हा सूड घेण्याजोगे एकच साधन होते. कोणाचाही डबा आपण रिकामा परत करत नाही. काही नाही तर चिमूटभर साखर घालतो. मी मालनताईंचा डबा घासून, पुसून, कोरडा करून, रिकामा पाठवू लागले. ज्याला कळायचे त्याला हे थोबाडीत मारल्यासारखेच. तुम्हाला यातले काही कळले नाही. कळले असते तर तुम्ही स्वतः उठून साखर घातली असती. मालनताईंना पहिल्याच दिवशी कळले. निफाडकडच्या त्या बाईला आडून बोलता येत नाही. चार-पाच दिवसांनी दारात येऊन, चप्पल न काढता म्हणाल्या, “रिकामा धाडला तरी चालंल, बाई. पर वेळंवर धाडा. दुसरा डबा नाय माझ्याकडं.” मला लाजही वाटली आणि रागही आला. पुढेही मी तो रिकामाच पाठवला. फक्त वेळेवर.

तुमच्या शेवटच्या दिवसांविषयी मला लिहायचे नाही. तुम्ही शांत होतात आणि मी नव्हते. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, “तो आहे बरं का इथे.” मी “हो” म्हणाले. खोटे म्हणाले. मला त्या खोलीत सलाईनची बाटली दिसत होती आणि तुमचा श्वास.

दफनाच्या दिवशी, माती अजून ओली असताना, मंडळीतली एक बाई माझ्या दंडाला धरून, अगदी कळवळ्याने, कानाशी म्हणाली, “आधी घेत होते का हो?”

त्या क्षणी मला कळले की ती प्रार्थना कुठवर पोचली आहे. तुम्ही गेलात. ते वाक्य राहिले. लोकांनी तुम्हाला खाली ठेवले आणि ते वाक्य घेऊन घरी गेले. मुलीच्या सासरी जाईल, उद्या नातवंडांच्या कानावर पडेल. तिथेच मी ठरवले की ते मी आहे तोवर पुसले गेले पाहिजे आणि ज्याने काढले त्याच्यासमोर पुसले गेले पाहिजे. त्याला दुखावून. तुमच्यासारखे हसून नव्हे.

आता गेल्या शुक्रवारचे ऐका.

मालनताईंचे मणक्याचे ऑपरेशन झाले आणि ते यशस्वी झाले नाही. त्या आतल्या खोलीत पडून आहेत, कुशीवर वळायलाही दोन माणसे लागतात. शुक्रवारची पाळी त्यांच्या घरी आली. मी तुमच्यामागे एकाही प्रार्थनेला गेले नव्हते. या प्रार्थनेला मी मुद्दाम गेले. रिक्षात मी एक वाक्य घोकत होते, कविता पाठ करणाऱ्या मुलीसारखी: या घरात कुठे काही लपलेलं पाप असेल, तर ते उजेडात आण. शब्दाला शब्द. शमुवेलभाऊंनी ते तुमच्या-माझ्या घरात आणून ठेवले होते. त्यांच्या घरात ते परत नेऊन ठेवायचे होते.

साखळी प्रार्थना होती. गोल बसायचे, एकमेकांचे हात धरायचे, प्रत्येकाने पाळीने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याला नाही जमत त्याने शेजाऱ्याचा हात दाबून पाळी पुढे द्यायची. लग्नापासून मी कधी साखळीत तोंड उघडले नाही. माझ्या डाव्या हाताला नेहमी तुम्ही असायचात. मी हात दाबायचे आणि तुम्ही दोघांची प्रार्थना करायचात; माझ्या वतीने अशा गोष्टी मागायचात, ज्या मला नको असायच्या. या वेळी डाव्या हाताला मालनताईंची जाऊ होती. तिचा हात घामाने ओला होता. उजवीकडून माझ्या हातावर दाब आला. सगळे थांबले, मी पुढे दाबण्याची वाट पाहत.

तेवढ्यात पडद्याआड मालनताई खोकल्या. कण्हत खोकल्या, आणि कोणाला तरी म्हणाल्या, “उशी सरकली बाय, उशी.” तो आवाज माझ्या दारात चप्पल न काढता उभ्या राहिलेल्या बाईचा होता. ‘या घरात’ म्हटले असते तर त्या घरात त्याही आल्या असत्या. माझा राग कमी झाला असे समजू नका. फक्त नेम बदलावा लागला. आणि नेम बदलल्यावर पाठ केलेले वाक्य निरुपयोगी झाले, आणि माझ्याजवळ दुसरे काही तयार नव्हते.

मी डोळे मिटले आणि वर्गातल्या आवाजात बोलले.

“प्रभो, मला बोलता येत नाही, सांभाळून घे. माझे पती गेले. त्यांनी कधी दारूला हात लावला नाही. तुला माहीत आहे. इथे बसलेल्या काहींना माहीत नाही, म्हणून मोठ्याने सांगते. ज्या माणसाने त्यांच्या उशाशी उभं राहून तुझ्या नावाने त्यांना डाग लावला, तो इथेच बसला आहे. त्याला मी क्षमा केलेली नाही. मला ती जमत नाही आणि सध्या नकोही आहे. तू त्याचा न्याय कर. लवकर कर. मी जिवंत असताना कर, मला बघायचा आहे. आणि मालनताईंना उठवून चालव. त्यांनी काही केलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच घरात कशा करायच्या, ते तुझं तू बघ.”

मध्ये कोणी बोलू शकत नव्हते. मी देवाशी बोलत होते.

मी थांबले. आमेन कोणी म्हणेना. कोणाची तरी बांगडी वाजली. मग पडद्याआडून, एवढ्या दुखण्यात कुठून आणला कोण जाणे, खणखणीत आवाज आला, “आमेन! बायांनो, म्हणा की. खरं बोलली ती.”

दोघी-तिघी पुटपुटल्या. पाळी पुढे गेली. एकेक जण घाईघाईने काहीतरी बोलून मोकळा झाला. शमुवेलभाऊंपर्यंत आली तेव्हा मी डोळे उघडून पाहत होते. नियम मोडून, सरळ पाहत होते. ज्या माणसाला प्रार्थनेत शब्द कधी कमी पडले नाहीत, त्याने शेजाऱ्याचा हात दाबला.

मला बरे वाटले. ते सौम्य करून सांगणार नाही. खूप बरे वाटले, उन्हात पाणी प्यावे तसे.

चहा न घेता मी निघाले. फाटकाशी मागून पावले ऐकू आली. शमुवेलभाऊ अनवाणीच आले होते.

“वहिनी, तुम्ही माझ्याविरुद्ध प्रार्थना केलीत.”

“हो.”

“भरल्या घरात.”

“तुम्हीही भरल्या घरातच केली होती.”

ते फाटकाची कडी उगाच वरखाली करत राहिले. “मी वाईट हेतूने नव्हतो म्हणालो. देवाची शपथ. काहीतरी कारण असेल असं वाटलं मला. एवढा देवभीरू माणूस, आणि असं होतं? कारण असलंच पाहिजे ना. नाहीतर मग...” त्यांनी घराकडे पाहिले. “नाहीतर मग मालनला का, वहिनी? तिने काय केलं?”

तुम्ही म्हणाला होतात, शमूला भीती वाटते. ती मला त्या फाटकाशी दिसली. तुम्ही असता तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला असता. मी ठेवला नाही. ज्या भीतीपायी या माणसाने तुमचे नाव मळवले, ती त्याला आता पुरेपूर लागली आहे, एवढेच माझ्या मनात आले.

“ते मला विचारू नका,” मी म्हणाले.

“ती प्रार्थना मागे घ्या, वहिनी. एकदा म्हणा की मागे घेतली.”

“ती आता माझ्याकडे नाही, भाऊ.”

रिक्षात बसल्यावर मला उमगले की मी काय बोलून बसले होते. मी त्यांना टोला मारला होता, पण तो मारताना जे बोलले ते खरे असल्याची मला खात्री होती. ती प्रार्थना खरोखरच माझ्या हातून सुटून दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेली होती. इतकी वर्षे तुम्ही गरम भाकरीवर, चेपलेल्या मण्यांवर, परक्या घरच्या खिचडीवर मला दाखवत राहिलात की तो इथे आहे, आणि मी चांगल्या घरच्या मुलीसारखी सभ्यपणे मान डोलावत राहिले. सुखात मला तो दिसला नाही, कारण मी कामात होते; तुमच्या खाटेशी दिसला नाही, कारण मी तुमच्याकडे पाहत होते. त्याच्याशी मी पहिल्यांदा बोलले ती माणसाचे वाईट मागायला, आणि त्याने मला मध्ये तोडले नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतले. तुमच्या सगळ्या प्रार्थनांनी जे झाले नाही ते या एका कडू प्रार्थनेने झाले, याचा तुम्हाला राग येईल की हसू, ते मला ठरवता येत नाही. बहुधा हसाल.

त्या वाटाणे सोलण्याच्या दिवशीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आता देते: तो वर्गातला आवाज शुक्रवारी मला मिळाला. कुठून आला ते तुम्ही म्हणाल. म्हणा. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. माझ्याजागी इतकी वर्षे बोललात, आणि माझ्यासाठी साखळीत एक जागा राखून ठेवलीत, ते आज मानते. ‘आमेन’चे मात्र नाही मानत. ते भांडण चालूच राहील.

आता एकच सांगायचे आहे. मी माझी फिर्याद जिथे द्यायची तिथे दिली आहे आणि निकाल यायची वाट पाहते आहे. तुम्ही तिथे, त्याच्या अगदी जवळ बसला असाल. तुमचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे. शमूचे नाव निघाले की तुम्ही उठाल, घसा साफ कराल, लहानपणीचे काहीतरी सांगायला लागाल. कृपा करून गप्प बसून राहा. रदबदली करू नका.